वेब सर्व्हरसाठी सी भाषेतली पोर्टेबल युटिलिटी फंक्शन: नवख्यांसाठी मार्गदर्शक

वेब सर्व्हरचा सोर्स कोड पहिल्यांदा उघडला की नजर साहजिकच मोठ्या भागांकडे जाते: रिक्वेस्ट कशी येते, कनेक्शन कोण सांभाळते, मोड्यूल कुठे जोडले जाते. स्ट्रिंग कॉपी करणे, आकडा वाचणे, तारीख छापणे अशी बारीक कामे करणाऱ्या फायलींकडे फारसे कुणी फिरकत नाही. माझ्या मते ओपन सोर्स सर्व्हरमध्ये योगदान द्यायचे असेल तर सुरुवात इथूनच करावी. यातले एखादे फंक्शन जेमतेम वीस-तीस ओळींचे असते, बाकी सर्व्हर न चालवता ते एकटे तपासता येते, आणि त्यातली एक चूक सर्व्हरभर उमटते.

‘पोर्टेबल’ हा शब्द मी इथे एकाच कडक अर्थाने वापरतो आहे. तेच इनपुट दिले की लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस आणि विंडोज या सगळ्यांवर तेच उत्तर मिळाले पाहिजे, आणि बिघडलेच तर तीच एरर. कोड सगळीकडे कंपाईल झाला एवढ्याने भागत नाही. सर्वात त्रासदायक बग बिनतक्रार कंपाईल झालेल्या कोडमध्येच दडलेले असतात.

आधी फायली कुठे आहेत ते पाहा

अपाची एचटीटीपी सर्व्हरच्या १.३ मालिकेत, म्हणजे १९९८ च्या सुमारास, ‘एसआरसी’खाली ‘एपी’ नावाची एक छोटी डिरेक्टरी होती. स्ट्रिंग कॉपी, एसएनप्रिंटएफ, एमडी५, बेस६४, पासवर्ड तपासणी अशी फंक्शन तिथे राहत. त्यांची एक लायब्ररी बने, आणि सर्व्हर तसेच पासवर्डची फाईल बनवणाऱ्या एचटीपासडब्ल्यूडीसारखी सोबतची साधने ती वापरत. पुढे २.० ची बांधणी सुरू असताना हा विचार खूप विस्तारला. फायली, सॉकेट, थ्रेड, वेळ, मेमरी हे सगळे एका वेगळ्या लायब्ररीत गेले. तिचे नाव अपाची पोर्टेबल रनटाइम, बोलण्यात एपीआर. सर्व्हरची २.० आवृत्ती २००२ मध्ये आली, एपीआर १.० ही २००४ मध्ये. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सबव्हर्जननेही हीच लायब्ररी वापरली.

एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरने वेगळा रस्ता धरला. बाहेरची लायब्ररी न घेता त्याने स्वतःची फंक्शन ‘कोअर’ डिरेक्टरीत ठेवली, आणि ऑपरेटिंग सिस्टीमनुसार बदलणारा भाग ‘ओएस’खाली युनिक्स आणि विन३२ अशा दोन घरांत विभागला. दोन्ही प्रकल्पांतली स्ट्रिंगची फाईल शेजारीशेजारी उघडून एक संध्याकाळ वाचा. हा विषय त्यातून जितका उलगडतो तितका कुठल्याच पाठ्यपुस्तकातून उलगडत नाही.

लिहिण्याआधी करार ठरवा

एडिटर उघडण्याआधी फंक्शनच्या वरची टिप्पणी लिहा. तिच्यात या प्रश्नांची उत्तरे हवीत: जागा कमी पडली तर काय होईल? नल पॉइंटर आला तर? लांबी शून्य असेल तर? मेमरी कोण देणार, आणि ती सोडवणार कोण? दोन थ्रेडनी एकाच वेळी बोलावले तर चालेल का? परत आलेल्या उत्तरावरून यश आणि अपयश वेगळे कसे ओळखायचे?

यातल्या एखाद्या प्रश्नाला तुमचे उत्तर ‘ते सिस्टीमवर अवलंबून आहे’ असे असेल, तर ते फंक्शन अजून पोर्टेबल झालेले नाही. हा धागा पुढे प्रत्येक पायरीवर येणार आहे.

पहिले फंक्शन: स्ट्रिंग कॉपी

सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतले स्ट्रएनसीपीवाय नावावरून सुरक्षित वाटते. त्याच्या दोन खोडी आहेत. स्रोत स्ट्रिंग बफरएवढी किंवा त्याहून लांब असेल तर ते शेवटी शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण, लिहीत नाही. पुढचे फंक्शन ती स्ट्रिंग वाचत बफरच्या बाहेर निघून जाते. आणि स्रोत छोटा असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसते. आठ हजार बाइटच्या बफरमध्ये दहा अक्षरे ठेवायची असली तरी आठ हजार बाइट लिहिले जातात. प्रत्येक रिक्वेस्टमागे अनेकदा चालणाऱ्या कोडला हे परवडत नाही.

साच्यानुसार मजकूर बफरमध्ये छापणारे एसएनप्रिंटएफ वापरावे म्हटले तर तिथेही इतिहास आडवा येतो. सी९९ प्रमाणानुसार जागा अपुरी असली तरी ते शेवट शून्याने करते आणि पूर्ण मजकुराला किती अक्षरे लागली असती ते सांगते. विंडोजवरचे जुने, सुरुवातीला अंडरस्कोर असलेले रूप मात्र अशा वेळी ऋण आकडा देई आणि शून्य बाइटही लिहीत नसे. प्रमाणाप्रमाणे वागणारे एसएनप्रिंटएफ तिथे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून मिळाले. वागणुकीतला एवढा फरक खपवून घेण्यापेक्षा आपले स्वतःचे फंक्शन बरे, हा निष्कर्ष सर्व्हर लिहिणाऱ्यांनी फार लवकर काढला.

तर आपण एक कॉपी फंक्शन बांधू. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: गंतव्य बफर, स्रोत, आणि बफरचा एकूण आकार. आकाराचा प्रकार साइज_टी ठेवा, इंट नको. इंट ऋण होऊ शकतो, आणि तुलनेत नकळत भलामोठा धन आकडा बनतो.

आत शिरल्यावर पहिली तपासणी आकार शून्य आहे का याची. शून्य असेल तर एकही बाइट न लिहिता गंतव्य पॉइंटर जसाच्या तसा परत द्या. मग शेवटच्या एका बाइटची जागा राखून ठेवून एकेक अक्षर उतरवा. स्रोताचा शून्य बाइट आला की थांबा, जागा संपली तरी थांबा. दोन्ही वाटांवर शेवटी शून्य बाइट लिहा. आता खरा प्रश्न: परत काय द्यायचे?

एपीआरचे एपीआर_सीपीवायस्ट्रएन आणि एन्जिनएक्सचे त्याच धर्तीचे फंक्शन, दोघेही गंतव्यातल्या शून्य बाइटचा पॉइंटर परत देतात. त्याचे दोन फायदे आहेत. पुढची स्ट्रिंग थेट तिथून जोडता येते, पुन्हा लांबी मोजावी लागत नाही. आणि किती अक्षरे उतरली ते वजाबाकीने कळते. स्रोतात त्याच क्रमांकावर शून्य बाइट नसेल तर मजकूर कापला गेला आहे.

ओपनबीएसडीमधून १९९८ मध्ये आलेले स्ट्रएलसीपीवाय उत्तरात स्रोताची पूर्ण लांबी देते. कापाकापी ओळखणे त्याने सोपे होते, पण त्यासाठी स्रोत शेवटपर्यंत चालत जावा लागतो. स्रोत एक मेगाबाइटचा आणि बफर चाळीस बाइटचा असला तरीही. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, म्हणजे जीलिबसीत, ते २.३८ या आवृत्तीत, म्हणजे थेट २०२३ मध्ये दाखल झाले. सिस्टीम फंक्शन ‘आज ना उद्या सगळीकडे येईलच’ या भरवशावर सर्व्हरचा कोड लिहू नये, याचे हे बोलके उदाहरण. माझी पसंती शून्य बाइटचा पॉइंटर देणाऱ्या पद्धतीला आहे, कारण सर्व्हरमध्ये हेडर जोडत जाण्याचे काम सतत चालू असते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कापलेली स्ट्रिंग सुरक्षित असते, पण बरोबर असतेच असे नाही. फाईलचा मार्ग कापला गेला तर सर्व्हर भलतीच फाईल उघडेल. मार्ग, होस्टचे नाव किंवा पासवर्ड यांच्या बाबतीत कापाकापी झाली की एरर देऊन बाहेर पडा.

अक्षरांची ओळख

‘हे अक्षर आहे का?’ हा प्रश्न इजअल्फाला विचारताना साधा कॅर दिला जातो, आणि तिथेच घात होतो. कॅर हा प्रकार धन-ऋण आहे की नुसता धन, हे सी भाषा ठरवत नाही. एक्स८६ वरच्या नेहमीच्या कंपायलरांवर तो धन-ऋण असतो, लिनक्स चालवणाऱ्या आर्म यंत्रांवर सहसा नुसता धन. युटीएफ-८ मधले १२७ च्या वरचे बाइट पहिल्या प्रकारात ऋण होतात, आणि ऋण आकडा इजअल्फाला देणे म्हणजे अव्याख्यात वर्तन: काय घडेल याची भाषा हमी देत नाही. म्हणून आधी अनसाइन्ड कॅरमध्ये रूपांतर, मग प्रश्न. एपीआरमध्ये यासाठी मॅक्रो तयार आहेत, तेच वापरा.

‘लहान ए ते लहान झेडच्या मधले’ अशी तुलना करून हे टाळता येईल असे वाटेल. अपाची मात्र आयबीएमच्या मेनफ्रेमवरही चालवला गेला, आणि तिथे ईबीसीडीआयसी हा संकेत असतो. त्यात लहान आय आणि जे यांच्या मध्ये फट आहे, आर आणि एसच्या मध्ये आणखी एक. या दुसऱ्या फटीत टिल्डे बसलेले असते, तेच चिन्ह जे वापरकर्त्यांच्या वैयक्तिक पानांच्या पत्त्यात येते. अशा यंत्रावर ही साधी तुलना टिल्डेला अक्षर ठरवते. सी भाषा फक्त ० ते ९ हे अंक सलग असतील एवढीच हमी देते. अक्षरांबद्दल तशी हमी नाही.

मग येते लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशानुसार बदलणारी सिस्टीमची मांडणी. एचटीटीपीच्या हेडरची नावे लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करता जुळवायची असतात, आणि त्यासाठी स्ट्रकेसकंप हाताशी असते. पण ते चालू लोकेलकडे पाहते. तुर्की लोकेलमध्ये लहान आय आणि मोठ्या आयची नेहमीची जोडी तुटते, आणि ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ची सुरुवातच त्या अक्षराने होते. सर्व्हर स्वतः लोकेल बदलत नसेल, पण त्यात बसवलेले एखादे मोड्यूल बदलू शकते. उपाय सोपा आहे: २५६ नोंदींचा एक स्थिर तक्ता करा, त्यात फक्त आस्कीची २६ मोठी अक्षरे लहान करा आणि तुलना त्या तक्त्यातून करा. एपीआरच्या १.६ आवृत्तीत एपीआर_सीस्ट्र_केसकंप नेमके हेच करायला आले.

आकडा वाचणे

इथे सुरक्षेचा थेट संबंध येतो, म्हणून घाई नको.

एटूआय बाजूलाच ठेवा. ‘शून्य’ आणि ‘वाचता आले नाही’ यांत ते फरक करत नाही, आणि आकडा मावला नाही तर काय होईल याची हमीही देत नाही. स्ट्रटूएल त्याहून बरे, पण त्याचे उत्तर लाँग प्रकारात येते. ६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, ६४ बिटच्या विंडोजवर तो ३२ बिटांचाच. त्यामुळे कंटेंट-लेंग्थ, म्हणजे हेडरमध्ये सांगितलेली मजकुराची लांबी, २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की एकच कोड दोन यंत्रांवर दोन उत्तरे देतो. दोन जीबीपेक्षा मोठी फाईल ही आता रोजची बाब आहे. फाईलचा आकार सांगणाऱ्या ऑफ_टीचीही गत अशीच: ३२ बिटच्या युनिक्सवर मोठ्या फायलींचा पर्याय सुरू करून बिल्ड केला नाही तर तो ३२ बिटांचा राहू शकतो.

शिवाय हे कुटुंब नको तितके उदार आहे. आकड्याआधीची मोकळी जागा ते गिळते, धन आणि ऋण चिन्ह स्वीकारते. स्ट्रटूयूएलला ‘उणे एक’ दिले तर एरर न देता ते त्या प्रकारात मावणारा सर्वात मोठा आकडा देते. एचटीटीपीच्या नियमानुसार कंटेंट-लेंग्थमध्ये फक्त अंक चालतात. पुढचा प्रॉक्सी ‘अधिक दहा’कडे दुर्लक्ष करून रिक्वेस्ट तशीच पुढे धाडत असेल आणि मागचा सर्व्हर ते स्वीकारत असेल, तर रिक्वेस्ट कुठे संपते यावर दोघांचे एकमत राहत नाही. रिक्वेस्ट स्मगलिंग हा हल्ला अशाच मतभेदातून घडतो.

म्हणून स्वतःचे फंक्शन लिहा: पॉइंटर आणि लांबी घ्या, उत्तर ६४ बिटच्या निश्चित प्रकारात द्या. लांबी शून्य असेल तर एरर. एकही बाइट ० ते ९ च्या बाहेरचा असेल तर एरर. दहाने गुणण्याआधी तपासा, गुणल्यानंतर नको. कमाल आकड्याला दहाने भागून येणारा भागाकार आणि बाकी आधी काढून ठेवा. आतापर्यंतचा आकडा भागाकारापेक्षा मोठा असेल, किंवा भागाकाराएवढा असून नवा अंक बाकीपेक्षा मोठा असेल, तर थांबा. गुणून झाल्यावर ‘ऋण झाला का’ असे पाहण्यात अर्थ नाही. साइन्ड आकड्याचे ओव्हरफ्लो हे अव्याख्यात वर्तन आहे, आणि ऑप्टिमायझर ती तपासणी खुशाल काढून टाकू शकतो.

आकडा छापतानाही तीच काळजी. ६४ बिटच्या आकड्यासाठी कुठले फॉरमॅट चिन्ह लागते हे यंत्रानुसार बदलते, म्हणून एपीआरने त्याचे मॅक्रो दिले आहेत. फॉरमॅट चुकले तर फक्त तोच आकडा चुकतो असे नाही, त्याच्या पुढचे सगळे घटक सरकतात.

तारीख

एचटीटीपीच्या तारखेचा साचा ठरलेला आहे: नेमके २९ बाइट, वार आणि महिना इंग्रजी तीन अक्षरांत, वेळ जीएमटी. स्ट्रएफटाइम लोकेलनुसार वारांची नावे बदलते, म्हणून ते टाळा. सात वार आणि बारा महिने यांचे तक्ते ठेवा आणि बाइट एकेक करून भरा. एपीआर असेच करते आणि त्यासाठी ३० बाइटचा बफर मागते. जीएमटाइम एका सामायिक जागेत उत्तर ठेवते, त्यामुळे थ्रेड असलेल्या सर्व्हरमध्ये ते चालत नाही. युनिक्सवर जीएमटाइम_आर आहे, विंडोजवर जीएमटाइम_एस, आणि दोघांत आर्ग्युमेंटचा क्रम उलटा. वेळ साठवायला ६४ बिट घ्या. एपीआर १९७० पासूनचे मायक्रोसेकंद मोजते. ३२ बिटचे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात, आणि कुकीच्या मुदती त्या तारखेपलीकडे आजच जाऊ शकतात.

एररचे आकडे

‘आत्ता काही नाही, नंतर ये’ हे सांगणारा एरर क्रमांक लिनक्सवर ११ आहे, मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर ३५, आणि विंडोजच्या सॉकेटवर १००३५. तेव्हा क्रमांकाशी थेट तुलना कधीच करू नका. एपीआरमध्ये अपयशी ठरू शकणारी बहुतेक फंक्शन एकच स्टेटस प्रकार परत देतात, शून्य म्हणजे यश, आणि तपासायला ‘हे ईअगेन आहे का’ अशा धाटणीचे मॅक्रो असतात. विंडोजचे मूळ क्रमांक इतरांशी भिडू नयेत म्हणून त्यांत ७२०००० मिळवले जातात.

एररचा मजकूर मिळवतानाही खाचखळगे आहेत. स्ट्रएरर_आरची दोन रूपे प्रचलित आहेत: पॉझिक्सचे इंट देते, ग्नूचे कॅर पॉइंटर, आणि ते दिलेला बफर वापरेलच असे नाही. यासाठी एक वेष्टन फंक्शन लिहा आणि बाकी कोडला हा फरक कळूही देऊ नका.

मेमरी

शक्य तिथे मेमरी मागूच नका. बफर बोलावणाऱ्याकडून घ्या. मागावीच लागली तर पूल, म्हणजे एकदम सोडवायच्या मेमरीचा साठा, पॅरामीटर म्हणून घ्या. पूलमधली मेमरी एकेक करून सोडवता येत नाही, ती रिक्वेस्ट संपल्यावर एकदम साफ होते. रिक्वेस्टच्या आयुष्यापुरते हे फारच सोयीचे. पण एखाद्या लूपमध्ये स्ट्रिंग जोडत राहिलात तर प्रत्येक फेरीची जुनी प्रत तशीच पडून राहते. कनेक्शनच्या पूलमध्ये असे झाले आणि कनेक्शन तासभर उघडे राहिले तर मेमरी वाढतच जाते, आणि गळती शोधणाऱ्या साधनांना ती सहसा दिसत नाही. एपीआर बिल्ड करताना पूल-डीबग हा पर्याय द्या. अशा चुका मग बऱ्यापैकी उघड्या पडतात.

एपीआर_पीस्ट्रकॅटला स्ट्रिंगची यादी दिल्यावर शेवटी नल द्यायलाच हवा. काही यंत्रांवर नल म्हणजे नुसता इंट शून्य असू शकतो, म्हणून तो कॅर पॉइंटरमध्ये कास्ट करून देणे अधिक खात्रीचे.

इफडेफ कुठे ठेवायचे

फंक्शनच्या मधोमध ‘विंडोज असेल तर हे, नाहीतर ते’ असे इफडेफचे तुकडे टाकले की काही महिन्यांतच ते कुणालाच वाचता येत नाही. दोन सवयी लावून घ्या. छोटा फरक असेल तर तो हेडर फाईलमधल्या एका मॅक्रोत बंद करा. मोठा असेल तर प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळी फाईल करा, फंक्शनचे नाव एकच ठेवा, आणि कुठली फाईल घ्यायची ते बिल्डवर सोडा.

आणि सिस्टीमचे नाव विचारण्याऐवजी सोय विचारा. ‘हे लिनक्स आहे का’ यापेक्षा ‘इथे स्ट्रएलसीपीवाय आहे का’ हा प्रश्न टिकाऊ. कॉन्फिगर स्क्रिप्ट नेमके तेच तपासून उत्तर हेडरमध्ये लिहून ठेवते. विंडोजवर ही स्क्रिप्ट सहसा चालत नाही, म्हणून तिथली तयार हेडर फाईलही तुम्हालाच बदलावी लागते. नवख्यांच्या पॅचमध्ये, म्हणजे प्रकल्पाला पाठवलेल्या बदलांत, ही फाईल हमखास राहून जाते.

चाचणी

फंक्शनसोबत त्याची चाचणी त्याच पॅचमध्ये द्या. कडेच्या किमती आधी: आकार ०, आकार १, नेमका मावणारा मजकूर, एका अक्षराने मोठा मजकूर, १२७ च्या वरचे बाइट, ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आणि त्याच्या पुढचा आकडा. मग मेमरीच्या चुका चालताना पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझर आणि अव्याख्यात वर्तन पकडणारा सॅनिटायझर सुरू करून तेच पुन्हा चालवा.

उत्तर बरोबर येते एवढे पुरेसे नाही, किती वेळात येते हेही पाहा. एपीआरचे एफएनमॅच तारांकित पॅटर्न जुळवते. २०११ मध्ये असे दिसून आले की मुद्दाम रचलेल्या पॅटर्नवर त्याची स्वतःलाच बोलावण्याची पद्धत बेसुमार वाढते आणि सर्व्हर अडकवता येतो. त्याची दुरुस्ती झाली, पण त्या दुरुस्तीतच अनंत लूपचा नवा दोष शिरला आणि त्याच वर्षी पुन्हा दुरुस्ती करावी लागली. म्हणून चाचणीत नेहमीच्या उदाहरणांबरोबर एखादे मुद्दाम दुष्ट इनपुट आणि वेळेची मर्यादा ठेवा.

पॅच पाठवताना

प्रकल्पाचा प्रीफिक्स लावल्याशिवाय कुठलेही नाव बाहेर दिसू देऊ नका; ‘स्ट्रकॉपी’सारखे मोघम नाव दुसऱ्या लायब्ररीशी हमखास भिडते. आत वापरायची फंक्शन स्टॅटिक करा. एपीआरमध्ये बाहेर दिसणाऱ्या फंक्शनच्या घोषणेला डिक्लेअर मॅक्रो लागतो, कारण विंडोजच्या डीएलएलमधून ते दिसावे लागते आणि तिथे बोलावण्याची पद्धतही ठरवावी लागते. आर्ग्युमेंटची संख्या बदलती असेल तर त्याच मॅक्रोचे नॉनस्टँडर्ड रूप वापरा.

आवृत्तीचे नियमही पाळावे लागतात. एपीआरमध्ये तिसरा आकडा बदलणाऱ्या आवृत्तीत नवे फंक्शन येत नाही, दुसरा बदलताना येऊ शकते, आणि जुन्या फंक्शनचे पॅरामीटर किंवा परतीचा प्रकार बदलायचा तर पहिला आकडा बदलेपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे आज निवडलेला पॅरामीटरचा क्रम अनेक वर्षे तसाच राहणार, हे धरून चाला. इंडेंटेशन शेजारच्या कोडप्रमाणे ठेवा. अपाचीत ते चार स्पेसचे असते आणि टॅब चालत नाहीत. पॅचच्या वर्णनात कोणत्या सिस्टीमवर आणि कोणत्या कंपायलरने तपासले ते लिहा. आणि जिथे तपासले नाही, त्या सिस्टीमचेही नाव लिहा, म्हणजे तिथले यंत्र ज्याच्याकडे आहे तो ते चालवून पाहील.